मोठ्या अक्षरांतला पेपर

महाराष्ट्रात एसटीच्या गाड्यांतून बायकांना अर्धे तिकीट सुरू झाले ते मार्च 2023 मध्ये. तेव्हापासून एखाद्या बाईने वाहकाकडे अर्धे तिकीट मागताना मान खाली घातली, असे कधी ऐकले आहे का? उलट चुकून पूर्ण तिकीट फाडले गेले तर ती भांडून पैसे परत घेते. नियमात आहे, मग का सोडायचे? आणि ते बरोबरच आहे. पण हाच 'सवलत' शब्द मुलांच्या परीक्षेच्या बाबतीत आला की घरातले चेहरे बदलतात. आवाज खाली येतो. शेजारी कळू नये म्हणून दार लोटले जाते. मुलाला किंवा मुलीला डोळ्यांचा, कानांचा, हातापायांचा काही त्रास आहे आणि त्यासाठी कॉलेजकडे लेखी काही मागावे लागणार आहे, ही गोष्ट कितीतरी घरांत अजूनही पत्रिकेतल्या मंगळासारखी लपवली जाते.

सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षकाच्या घरात असेच झाले. घरात दोन मुली. थोरली लहानपणापासून 'धांदरट' म्हणून प्रसिद्ध. जेवताना हाताशी ठेवलेला पाण्याचा पेला हमखास सांडायचा. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी अंगणातून आत येताना ती पायरीला अडखळली नाही असा दिवस विरळा. "डोळे कुठे असतात गं तुझे?" हे आईचे वाक्य तिने इतक्या वेळा ऐकले होते की तिला त्यात प्रश्न आहे हेच जाणवेनासे झाले होते. अभ्यासात मात्र ती हुशार. पुस्तक नाकाशी धरायची, पण पुस्तक नाकाशी धरणारी मुले आपल्याकडे काय थोडी असतात?

बारावीच्या वर्षी चष्म्याचा नंबर काढायला म्हणून तिला पुण्याला नेले आणि डॉक्टरांनी दोन तास तपासण्या केल्या. रेटिनायटिस पिगमेंटोसा असे त्या दुखण्याचे नाव निघाले. यात डोळ्याच्या पडद्यातल्या, अंधुक उजेडात पाहण्याचे काम करणाऱ्या पेशी आधी निकामी होत जातात. म्हणून संधिप्रकाशात दिसेनासे होते. मग बाजूची नजर हळूहळू आत सरकत येते. समोरचे दिसते, पण नळीतून पाहिल्यासारखे. पेला समोर असेल तर दिसतो, ताटाच्या कडेला असेल तर नाही. हे दुखणे बहुधा आनुवंशिक असते आणि बहुतेक रुग्णांसाठी त्यावर आजही खात्रीचा इलाज नाही.

परतीच्या गाडीत कुणीच बोलले नाही. घरी आल्यावर आईने फक्त एवढेच सांगितले, "हे कुणाला सांगायचं नाही. मावशीलासुद्धा नाही."

त्या बाईला कठोर म्हणणे सोपे आहे. पण तिच्या डोक्यात काय चालले होते हे कुठल्याही दोन मुलींच्या आईला सांगायला नको. आनुवंशिक म्हटले की फक्त थोरलीचे लग्न अडत नाही, धाकटीचेही अडते. डॉक्टरांचा कागद कपाटात राहिला तर तो घरातला कागद असतो. सरकारी प्रमाणपत्र काढले की तो साऱ्या गावाचा होतो, असे तिला वाटले. वडील प्रमाणपत्राचा विषय काढत आणि ती म्हणे, "अहो, दिसतंय ना तिला? मग आंधळ्याचा शिक्का कशाला मारून घ्यायचा?"

त्यामुळे 2023 साली थोरली पुण्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र घेऊन बीएला गेली ती कुणाला काही न सांगता. वसतिगृहातल्या मुलींनी संध्याकाळी बाहेर बोलावले की तिला 'अभ्यास' असे. वर्गात पहिला बाक. फळ्यावरचे दिसले नाही तर शेजारणीची वही. लपवणे हेही एक कामच असते. त्याला वेळ लागतो, युक्त्या लागतात, आणि ते करून दमलेल्या माणसाला दमलो असे म्हणायचीही सोय नसते.

पहिल्या सत्राची परीक्षा आली ती ढगाळ दिवसांत. मोठा हॉल, उंचावर ट्यूबलाइट, त्यातली एक फडफडणारी. प्रश्नपत्रिका बारीक टाइपात, एका पानावर जितके मावेल तितके मावलेले. ज्याची नजर नळीसारखी आहे तो माणूस ओळ कशी वाचतो हे एकदा समजून घेतले पाहिजे. त्याला एका वेळी चार-पाच शब्द दिसतात. ओळ संपली की पुढच्या ओळीची सुरुवात शोधावी लागते आणि ती शोधताना अनेकदा तीच ओळ पुन्हा हाती लागते. म्हणून ओळीखाली बोट धरावे लागते. उत्तर लिहिताना प्रश्न पुन्हा पाहायचा म्हटले की पुन्हा तीच शोधाशोध. आलेख असेल तर एक अक्ष दिसतो तेव्हा दुसरा दिसत नाही.

त्या दिवशी दुसऱ्या प्रश्नाचे दोन भाग होते आणि दोन्हींच्या मध्ये, ओळीच्या बरोबर मधोमध, एकटाच 'किंवा' छापलेला होता. तो तिच्या नळीत आलाच नाही. तिने दोन्ही भाग सोडवले. मन लावून सोडवले. तीन तास संपले तेव्हा पाचपैकी शेवटचे दोन प्रश्न कोरे होते.

पेपर तपासणाऱ्या मॅडमना आश्चर्य वाटले. वर्गात नेमके प्रश्न विचारणारी मुलगी एकाच जागी दोन उत्तरे लिहिते आणि पुढचे सोडून देते? त्यांनी तिला स्टाफरूममध्ये बोलावले. "प्रश्नपत्रिका नीट वाचली नाहीस का?"

"वाचली, मॅडम. पण 'किंवा' दिसला नाही."

हे उत्तर ऐकून रागावणारे शिक्षक पुष्कळ भेटले असते. या मॅडमनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारले, "दिसला नाही म्हणजे?" मग अर्ध्या तासात सगळे बाहेर आले. शेवटी त्या म्हणाल्या, "मग अर्ज दे."

"कसला अर्ज?"

मुलीला खरोखरच माहीत नव्हते. तिच्या वडिलांनी तीस वर्षे शाळेत शिकवले होते आणि त्यांनाही धड माहीत नव्हते. वास्तविक यातले काही नवे नाही. 1995 च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यातच, जो फेब्रुवारी 1996 पासून लागू झाला, सर्व शिक्षणसंस्थांनी अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना लेखनिक द्यावा असे कलम होते. अल्पदृष्टी हा शब्द तेव्हाही होता. त्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे मोजली होती. त्याच्या जागी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 आला, त्यात ती एकवीस झाली. ज्याच्या नजरेचा आवाका 40 अंशांपेक्षा कमी उरला आहे त्याची गणना या कायद्याने अल्पदृष्टीत केली आहे, मग त्याला समोरचे कितीही स्पष्ट दिसो. निरोगी माणसाचा आवाका सुमारे 180 अंशांचा असतो हे ध्यानात घेतले की यात काय हरवलेले असते ते कळेल.

प्रमाणपत्रावरून घरात जे झाले ते चार दिवस चालले. आई जेवली नाही. वडिलांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. शेवटी थोरलीच आईजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "आई, मी पेला मुद्दाम सांडत नव्हते गं."

त्यावर आई काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयात जायला तीही निघाली. ठरलेल्या वारी तपासणी, त्यासाठी पहाटेपासून रांग, आधार कार्डाच्या झेरॉक्स, ऑनलाइन भरलेल्या फॉर्मची प्रत, आणि दोन खेपांनंतर हाती आलेले 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र. रांगेत एक तरुण शिक्षिका होती, बँकेत लागलेला एक मुलगा होता. आई त्यांच्याशी किती वेळ बोलत बसली होती. परत येताना म्हणाली, "चांगल्या घरची माणसं होती हो." बिचारीला काय अपेक्षा होती कोण जाणे!

आता अर्ज. वडिलांनी तो स्वतः लिहून दिला, सुंदर अक्षरात, तीस वर्षे लिहीत आले तसा. 'आपण उदार अंतःकरणाने व सहानुभूतीपूर्वक विचार करून माझ्या दुर्दैवी मुलीस सवलत द्यावी ही नम्र विनंती.' मुलीने तो वाचला, घडी घातली आणि बॅगेत ठेवला. मॅडमना दाखवला तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाबांनी मायेनं लिहिलंय. पण यात तुला काय हवंय ते कुठे लिहिलंय?"

खरेच नव्हते. दुर्दैव होते, विनंती होती, मागणीच नव्हती. हा दोष त्या वडिलांचा एकट्याचा नाही. कार्यालयात अर्ज म्हणजे पदर पसरणे, अशीच आपल्या सर्वांची समजूत आहे. अर्ज वाचणाऱ्या कारकुनाला सहानुभूती नको असते, त्याला काय करायचे ते हवे असते. मुलीने नवा अर्ज लिहिला, अर्ध्या पानाचा. प्रमाणपत्राचा क्रमांक. नजरेचा आवाका कमी असल्याने बारीक छपाई वाचायला किती अडचण येते, हे दोन ओळींत. मग मागणी: प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत, तीन तासांच्या पेपरला एक तास जादा, तळमजल्यावर भरपूर उजेडाची जागा, आणि स्वतःचा टेबल लॅम्प लावण्याची परवानगी. 'कृपा' हा शब्द एकदाही नाही. वडिलांना तो अर्ज जरा उद्धट वाटला.

कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज वाचला, मुलीकडे पाहिले, तिच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिले. "अगं, मोबाइल तर बघतेस की! हे अंध मुलांसाठी असतं."

अल्पदृष्टी असलेल्यांच्या वाट्याला हे वाक्य हटकून येते. पूर्ण दिसत नसेल तर लोकांना कळते, पूर्ण दिसत असेल तर प्रश्नच नाही. अर्धवट दिसणाऱ्याला मात्र दोन्हीकडून पुरावा द्यावा लागतो. आपल्याला किती येते हे दाखवण्याची संधी मिळावी म्हणून आधी आपल्याला काय येत नाही हे चारचौघांत सिद्ध करायचे, ही यातली खरी बोचणी आहे. टेबलापलीकडे इतर मुले उभी असतात, ती ऐकत असतात.

कारकुनाने मग समजुतीने सुचवले, "लेखनिक घे ना. ते नियमात आहे. दिवा कुठे आहे नियमात?"

लेखनिक हा पुष्कळांचा मोठा आधार आहे, पण या मुलीला तो नको होता. तिचे अक्षर चांगले होते. अर्थशास्त्रातले आलेख ती स्वतः काढू शकत होती. दुसऱ्याला "मागणीची रेषा थोडी उजवीकडे सरकव" असे सांगत बसण्यापेक्षा स्वतः रेषा मारणे तिला कितीतरी सोपे होते. तिला हात नको होते, तिला मोठी अक्षरे हवी होती. दोन माणसांचे अपंगत्व कागदावर सारखे असले तरी गरज सारखी नसते. म्हणूनच 2016 च्या कायद्यात प्रत्येकाच्या गरजेनुसार करायच्या वाजवी फेरबदलांची तरतूद आहे. केंद्र सरकारने 26 फेब्रुवारी 2013 रोजी लेखी परीक्षांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 29 ऑगस्ट 2018 रोजी सुधारून पुन्हा काढल्या, त्यांत ब्रेल, संगणक, मोठी अक्षरे यांपैकी शक्यतो उमेदवाराला सोयीची पद्धत निवडू द्यावी असे म्हटले होते. ताशी किमान 20 मिनिटे जादा वेळ होता, आणि लेखनिक न घेणाऱ्यालाही तीन तासांच्या पेपरला एक तास जादा होता. बसण्याची नीट व्यवस्था, शक्यतो तळमजल्यावर, हेही होते. दिव्याचा उल्लेख नसेल, पण कोणत्या नियमात दिवा लावायला मनाई आहे?

मुलीने त्या सूचनांची छापील प्रत पुढे ठेवली. कारकून वाचत राहिला. तो दुष्ट माणूस नव्हता. प्रश्नपत्रिका मोठी करायची म्हणजे ती कुणाच्या तरी हातात द्यायची, आणि फुटली तर नोकरी कुणाची जाणार? ही त्याची भीती होती आणि ती खोटी नव्हती. इतक्या वर्षांत हा कागद त्याला कुणी दाखवलाच नव्हता. त्याने अर्ज घेतला. मॅडमनी बजावले होते त्याप्रमाणे मुलीने दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख मागून घेतली. तोंडी 'बघू' आणि शिक्क्याची प्रत यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, हे पालकांनी लक्षात ठेवावे.

उत्तर तीन आठवड्यांनी आले. मार्गही साधाच निघाला. बऱ्याच विद्यापीठांत आता प्रश्नपत्रिका संगणकावरून कॉलेजात येते आणि तिथेच छापली जाते. परीक्षा विभागातच बंद दाराआड तिची ए-फोरवरून ए-थ्री कागदावर झेरॉक्स काढायची. अक्षर जवळजवळ दीडपट होते. 141 टक्के, झेरॉक्सच्या यंत्रावर तो आकडा तयारच असतो. एवढ्यासाठी तीन आठवडे गेले. लॅम्प स्वतःचा आणायचा, एक्स्टेन्शन बोर्ड कॉलेजचा.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. दुसऱ्या सत्राच्या पहिल्याच पेपरला वर्गावर आलेल्या पर्यवेक्षकांना कुणी काही सांगितले नव्हते. तीन तास झाले आणि त्यांनी उत्तरपत्रिका ओढली. मुलीने पत्र दाखवले, ते कार्यालयात विचारायला गेले, ते येईपर्यंत बारा मिनिटे गेली. ती बारा मिनिटे तिने मागून घेतली, हेही सांगितले पाहिजे. आधीच्या वर्षी ती गप्प बसली असती. बाहेर एक मैत्रीण म्हणाली, "तुझी मजा आहे बाई, एक तास जास्त!" ओळीखाली बोट धरून चार तास वाचल्यावर तिचे डोके इतके दुखत होते की तिने उत्तरही दिले नाही. पण त्या पेपरात सर्व 'किंवा' तिला दिसले होते, आणि एकही प्रश्न कोरा नव्हता.

प्रमाणपत्रावर 40 टक्के भरले नाहीत तर काय, हा प्रश्न अनेक पालकांना पडतो. त्यासाठी विकास कुमार यांचा खटला माहीत असावा. त्यांना लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या 2018 च्या नागरी सेवा परीक्षेत 40 टक्क्यांच्या अटीवरून त्यांना लेखनिक नाकारला गेला. 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आरक्षणासारख्या लाभांसाठी असलेली 40 टक्क्यांची अट लेखनिक नाकारण्यासाठी वापरता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्यानंतर 10 ऑगस्ट 2022 रोजी केंद्राने 40 टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्या, पण लिहायला अडचण येणाऱ्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायालयाने हाच मुद्दा पुन्हा ठासून सांगितला. सूचना अधूनमधून बदलतात, तेव्हा त्या वर्षीची ताजी प्रत मिळवूनच कार्यालयाची पायरी चढावी. आणि अर्ज प्रवेशाच्या वेळीच द्यावा. हॉल तिकीट हातात आल्यावर धावाधाव करणाऱ्याला कार्यालय 'आता उशीर झाला' एवढे एकच उत्तर देते, आणि दुर्दैवाने ते बऱ्याचदा खरे असते. लेखी नकार मिळाला तर दाद मागण्यासाठी प्रत्येक राज्यात दिव्यांग आयुक्त आहेत. महाराष्ट्राचे पुण्यात बसतात.

थोरली आता शेवटच्या वर्षाला आहे. एमएसाठी दुसऱ्या विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यायची आहे, आणि तिथे सगळे पहिल्यापासून करायचे आहे. तोच अर्ज, तेच प्रमाणपत्र, कदाचित तेच "मोबाइल तर बघतेस की!" तिने फाइल तयार ठेवली आहे. मोठी अक्षरे किती वर्षे पुरतील ते डॉक्टरही सांगू शकत नाहीत, म्हणून रात्री ती संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर शिकते आहे. मराठी ते जरा विनोदी उच्चारते. धाकटी शेजारी बसून नक्कल करते आणि दोघी हसतात.

आईने घराच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळा ऑइलपेंट लावून घेतला. कुणी विचारले तर ती कारण सांगते. लग्नाची काळजी गेली आहे असे नाही, ती कशी जाईल? पण गेल्या महिन्यात धाकटीच्या हातून पेला सांडला तेव्हा आई ओरडली नाही. तिने फडके आणले, ओटा पुसला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याच्या डॉक्टरांना फोन करून तपासणीची तारीख घेतली. येत्या सोमवारची मिळाली आहे.